आलाच म्हणजे आला नाही

३ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रांना उत्तर द्यायचं राहून गेलं. रागावू नका. मी बरी आहे.

आज कामासाठी लिहिते आहे. तुम्हाला माहीतच आहे, मी हॉस्पिटलच्या तळघरात काम करते. ऑपरेशनची हत्यारं, म्हणजे कात्र्या, चिमटे, पकडी, वरून आमच्याकडे येतात. आम्ही ती धुतो, तपासतो, संच लावून कापडात बांधतो आणि वाफेच्या मशीनमध्ये घालतो. मुख्य बाई निवृत्त झाल्यापासून विभाग मीच बघते. पण नावाने नाही.

गेल्या महिन्यात नवे सर्जन आले. त्यांना आपली भाषा येत नाही. परवा त्यांचा वरून फोन आला, "हॅज द सेट कम?" ट्रॉली नुकतीच लिफ्टमध्ये ढकलली होती. मी म्हटलं, "यस सर, इट केम." त्यांनी टेबलाकडे पाहिलं असणार. म्हणाले, "व्हेअर?" मला वाटलं, त्यांना घाई आहे. म्हणून आणखी जोर देऊन म्हटलं, "इट केम, सर, इट केम!" आपण नाही का म्हणत, आलाच, आलाच.

पेशंट अजून बाहेरच होता, म्हणून काही बिघडलं नाही. पण सर्जन धुतलेले हात वर धरून तसेच जिना उतरून खाली आले. तोवर ट्रॉली वर पोचली होती. ते ती शोधायला खाली आणि ती त्यांना शोधायला वर. मॅट्रनबाई आधी हसल्या. मग हसल्या नाहीत.

आता असं ठरलं आहे की विभागप्रमुखाची जागा परीक्षा घेऊन भरायची. लेखी आणि तोंडी, दोन्ही इंग्रजीत. मी नापास झाले तर बाहेरचं कोणी येईल आणि मला चादरींच्या विभागात पाठवतील. चादरी वाईट नाहीत. पण मला हत्यारं सोडायची नाहीत. त्यांच्यापुढे उभी असते तोवर डोक्यात दुसरं काही येत नाही.

शब्द मला येतात. काळ चुकतात. तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत. पत्राने शिकवता येईल का?

तुमची,
धाकटी

•

१० फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माझा पाठचा भाऊ गेला त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून मी तुला पत्रांवर पत्रं लिहिते आहे आणि तू मूग गिळून बसली आहेस. आता तोंड उघडलंस ते "इट केम" म्हणायला! पत्र वाचताना चहा पदरावर सांडला. डाग निघाला नाही. तो तुझ्या खात्यात.

आधी तुझी चूक समजून घे. ती तुझी नाहीच, आपल्या भाषेची आहे. आपली भाषा उतावळी. माणूस "आलोच" म्हणतो तेव्हा अंगात शर्टसुद्धा नसतो. "निघालो" म्हणतो आणि आंघोळीला जातो. "मेलो मेलो" ओरडणारा तर धडधाकट उभा असतो. व्हायच्या आधीच आपण झालं म्हणून टाकतो. इंग्रज माणूस तसा नाही. गोष्ट पुरती होऊ देतो, मगच भूतकाळ लावतो. ट्रॉली लिफ्टमध्ये असेल तर "इट इज कमिंग". टेबलाशी पोचली तर "इट हॅज कम". कालची गोष्ट असेल तर "इट केम यस्टर्डे".

हॅज आणि हॅव ही खरी मेख आहे. काम झालेलं आहे, पण त्याचा धागा आजपर्यंत आलेला आहे, तिथे ते लावायचं. "आय हॅव वॉश्ड द सीझर्स" म्हणजे कात्र्या धुतल्या आहेत आणि आत्ता स्वच्छ आहेत, उचला. माणसांच्या बाबतीत मी वर्गात एक सोपा नियम सांगत असे, हॅजचा कर्ता जिवंत लागतो. मुलं तो कधी विसरली नाहीत.

सोबत वाक्यं पाठवते. गाळलेल्या जागी क्रियापद भर. पुस्तकातली वाक्यं रुक्ष असतात, म्हणून अर्धी तुझ्या कामातली घातली आहेत आणि अर्धी आपल्या घरातली. मन रमेल.

आणि "शब्द येतात, काळ चुकतात" असं रडत बसू नकोस. काळ सगळ्यांचेच चुकतात.

तुझी,
वन्सं

•

२१ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

उत्तरं सोबत पाठवली आहेत. लाल शाईने तपासावीत.

कामावर सगळ्यांना कळलं आहे. धुणाऱ्या मावशी तर छळतात. काल डबा खायला बसलो तर म्हणाल्या, "काय बाई, जेवण केम, की जेवण कमिंग?" मी म्हटलं, "जेवण हॅज कम. हात धुवा." त्या म्हणाल्या, "एवढं इंग्रजी आलं तर मग आम्हाला विसराल." मी म्हटलं, "विसरण्याचा काळ अजून शिकवलेला नाही."

फोनवर आता मी एक श्वास घेते आणि मग बोलते. वरचे लोक म्हणतात, लाइन खराब आहे का?

घरी ठीक आहे. गाडी अजून गॅरेजमध्येच आहे. डागाचं वाईट वाटलं. लिंबू लावून बघा.

तुमची,
धाकटी

•

१ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लिंबाने डाग पसरला. आभार.

कात्र्या, चिमटे, ट्रॉली आणि मशीनची सगळी वाक्यं बरोबर आहेत. "द ट्रेज आर बीइंग वॉश्ड" हे तर माझ्या दहावीच्या वर्गात एकालाही जमलं नसतं. शाबास.

पण पान उलटलं आणि कपाळाला हात लावला. अगं, हे काय? "माय हजबंड टीचेस पीपल टु ड्राइव्ह." टीचेस? "ही लाइक्स ओल्ड कार्स." लाइक्स? त्यावर कळस म्हणजे, "ही हॅज गॉन टु द गॅरेज." हॅज गॉन म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे, यायचाय. जाऊन परत आला असेल तर हॅज बीन. आणि गोष्ट संपली असेल तर वेंट. किती साधं आहे! तुझ्या चुकांत सातत्य आहे, तेवढंच काय ते कौतुक. पानाच्या एका बाजूला पंडिता, दुसऱ्या बाजूला पहिलीतली पोर.

तुला वर्तमानकाळ येतो आणि साधा भूतकाळ येत नाही, असं माझं निदान आहे. म्हणून यावेळी फक्त भूतकाळाची वाक्यं पाठवते. सगळी घरातलीच आहेत, कारण तुझं घोडं तिथेच अडतं. रोज सकाळी मोठ्याने वाच. वेंट, लाइक्ड, टॉट. घोकल्याशिवाय काही येत नाही.

परीक्षा कधी ते कळव.

तुझी,
वन्सं

•

२३ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमची वाक्यं टेबलावरच होती. मी ती भरली नाहीत.

वन्सं, भूतकाळ मला येतो. तिथे काय लिहायचं ते मला पहिल्यापासूनच माहीत होतं. पेन तिथपर्यंत जाऊन थांबायचं आणि मग दुसरंच लिहायचं.

मी हे कोणाला बोलले नाही, तुम्हालाही नाही. त्या दिवशी हे गाडी आणायला गॅरेजमध्ये गेले. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. दारातून म्हणाले, "आलोच." मग गॅरेजमधून फोन आला तो मेकॅनिकचा, साहेब कोसळले म्हणून. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सगळे आले, सगळं झालं, सगळे गेले. पण तो शब्द तसाच राहिला. त्याच्यापुढे काही झालंच नाही. तुम्ही लिहिलंत ना, व्हायच्या आधीच आपण झालं म्हणून टाकतो. आपल्या भाषेत ते आलेले आहेत. तुमची इंग्रजी म्हणते वेंट. मी कोणाचं ऐकू?

हॅज गॉन म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे, यायचाय, असं तुम्ही लिहिलंत. मी ते वाक्य विचार करूनच लिहिलं होतं.

आणखी एक विचारते. राग मानू नका. तुमच्या प्रत्येक पत्रात वर "चि. सौ." असतं. पाकिटावरही असतं. पोस्टमन ते वाचून माझ्याकडे बघतो आणि पाकीट देऊन जातो. मी तुम्हाला लाल शाई लावली नाही, कारण मला ते वाचायला बरं वाटतं. पण मग माझं घोडं अडतं आणि तुमचं अडत नाही, असं म्हणता येईल का?

लेखी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि त्यानंतर तोंडी. तोंडी परीक्षेत सुरुवातीला घरच्यांबद्दल विचारतात म्हणे. मी नाव मागे घ्यावं असं म्हणते आहे. चादरींच्या विभागात ऊन चांगलं येतं.

तुमची,
धाकटी

•

२८ मार्च

प्रिय धाकटी,

तुझं पत्र आल्यावर मी दार लावून घेतलं. शेजारीण दोनदा हाक मारून गेली.

शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं. हात आपोआप "चि. सौ." लिहीत होता. काल नवं पाकीट घेतलं, "श्रीमती" लिहायला बसले आणि "श्री" लिहून उठले. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या लाल केल्या. माझी वही कोण तपासणार! तपासलीस ते बरं केलंस. यापुढे सौ. नाही आणि श्रीमतीही नाही. तू धाकटी आहेस, तेवढं पुरे.

त्या वाक्यांबद्दल मला माफ कर. मन रमेल म्हणे! माझ्यासारखी ठोंबी मीच.

आता अभ्यासाचं. माझा नियम चुकीचा नव्हता, अर्धाच सांगितला होता. हॅजचा कर्ता जिवंत लागतो, तर मग त्याला कर्त्याच्या जागेवर कशाला ओढतेस? तिथे तू बस. मी काल रात्रीपर्यंत हेच करत होते, आता तुला पाठवते.

"ही पुल्ड माय प्लॅट्स." लहानपणी त्याने माझ्या वेण्या ओढल्या. त्याचं काम संपलं, साधा भूतकाळ. "आय हॅव नेव्हर फरगिव्हन हिम." मी त्याला अजून माफ केलेलं नाही. कर्ता मी. मी जिवंत आहे, भांडण चालू आहे, हॅव बरोबर. व्याकरणात कुठेही बोट ठेवता येणार नाही. त्याच्याकडे वेंट जाऊ दे, धाकटे. हॅव आपल्या दोघींकडे राहतं.

दुसरं. तो गेला, हे वाक्य तू अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाहीस, हे मला पत्रावरून कळलं. मीही म्हटलेलं नव्हतं. काल म्हटलं. आपल्या भाषेत म्हणायला गेले तर अर्ध्यावरच सोडलं. मग इंग्रजीत म्हटलं. परकी भाषा कापसाच्या हातमोज्यासारखी असते, उचलताना भाजत नाही. तू आधी इंग्रजीतच म्हण.

आणि नाव मागे घेतलंस तर गाठ माझ्याशी आहे. चादरींच्या विभागात ऊन येतं म्हणे! ऊन हवं असेल तर गच्चीवर जा.

तुझी,
वन्सं

•

१५ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

नाव मागे घेतलेलं नाही.

रविवारी गॅरेजमध्ये गेले. इतके दिवस मी बसने जाताना त्या रस्त्याने जात नव्हते. मेकॅनिक गाडीखाली होता. माझी चप्पल बघून त्याने ओळखलं असावं, कारण तो सरपटत बाहेर आला आणि हात पुसत नुसता उभा राहिला. मी मनाशी ठरवून गेले होते, त्याप्रमाणे म्हटलं, "ही डाइड. आय हॅव कम फॉर द कार."

तो म्हणाला, "काय म्हणालात, बाई?"

त्याला इंग्रजी येत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग मला आपल्या भाषेत म्हणावं लागलं, "हे वारले. गाडी न्यायला मी आले आहे."

एकदा हातमोज्याने उचललं होतं, म्हणून दुसऱ्यांदा जमलं. वन्सं, जमलं.  मेकॅनिक म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही गाडी विकायलाच पाठवाल कोणाला तरी." म्हणाला, "बॅटरी मी चालू ठेवली आहे. साहेबांनी मला गाडी शिकवली, त्यांची गाडी बंद कशी पडू देईन?"

गाडी मला ह्यांनीच शिकवली, पण मी कधी एकटी चालवली नव्हती. घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच आणली. मागे हॉर्न वाजत होते. एक माणूस खिडकीतून ओरडला, "ओ बाई, चालायला निघालात का?" मी म्हटलं, "आय अ‍ॅम ड्रायव्हिंग!"  काळ बरोबर होता.

घरी आल्यावर तुमची सगळी भूतकाळाची वाक्यं भरली. पाठवत नाही, ती बरोबर आहेत. लेखी परीक्षाही झाली. कठीण वाटली नाही. एका ठिकाणी खोडलं, पण खोडून बरोबर केलं. तोंडी येत्या आठवड्यात आहे. 

तुमची,
धाकटी

•

१९ एप्रिल

प्रिय धाकटी,

दुसऱ्या गिअरमध्ये! माझा पाठचा असता तर डोकं धरून बसला असता, आणि मग बोळातल्या प्रत्येकाला सांगत सुटला असता की बघा, माझ्या बायकोने गाडी आणली. बघ, मी "असता" लिहिलं. 

तोंडी परीक्षेला एकच सूचना. प्रश्न पुरता ऐक. काळ प्रश्नातच दडलेला असतो, त्यांनी ज्या काळात विचारलं त्यात तुझं उत्तर बसतं. फक्त त्यांचाच काळ चुकला असेल तर मात्र आपला बरोबर लाव. भिऊ नकोस. परीक्षक झाला तरी तोही कधीतरी नापास झालेलाच असतो.

तुझी,
वन्सं

•

२६ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तोंडी परीक्षा झाली. सगळं सांगते. नाहीतर म्हणाल, मूग गिळले.

मोठ्या टेबलामागे तिघं होते. हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर, नवे सर्जन आणि मॅट्रनबाई. मुख्य डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "अँड व्हॉट डझ युवर हजबंड डू?"

मॅट्रनबाईंना माहीत आहे. त्या खुर्चीतून पुढे झाल्या, त्यांच्या बाहीला हात लावायला निघाल्या. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. प्रश्न पुरता ऐकला होता. काळ त्यांचा चुकला होता. मी आपला लावला.

"ही डाइड लास्ट इयर, सर. ही टॉट पीपल टु ड्राइव्ह. ही टॉट मी, टू. आय हॅव नॉट फरगॉटन."

आवाज खोलीभर गेला. इतका मोठा आवाज माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. मुख्य डॉक्टरांनी चष्मा काढला, सॉरी म्हणाले, पुन्हा सॉरी म्हणाले. म्हणाले, हवं तर परीक्षा दुसऱ्या दिवशी घेऊ. मी म्हटलं, "नो, सर. आय हॅव प्रिपेअर्ड. प्लीज आस्क."

मग त्यांनी विचारत जावं आणि मी सांगत जावं. काल काय केलं, आत्ता काय चालू आहे, कामाची पाळी संपेपर्यंत काय झालेलं असेल. ते "झालेलं असेल" सुद्धा बरोबर आलं. शेवटी सर्जनांनी अगदी गंभीर चेहऱ्याने इंग्रजीतच विचारलं, "समजा, मी वरून फोन केला, आणि ट्रॉली लिफ्टमध्ये आहे. तुम्ही काय सांगाल?"

मी म्हटलं, "इट इज कमिंग, सर. इट हॅज लेफ्ट माय रूम. इट हॅज नॉट रीच्ड युवर्स. प्लीज स्टे अपस्टेअर्स."

मॅट्रनबाईंनी रुमाल तोंडावर धरला.  सर्जन असे हसले, असे हसले की बाहेर बाकावर बसलेला पुढचा उमेदवार दार किलकिलं करून आत बघायला लागला. सर्जन म्हणाले, "त्या दिवशी मी जिने उतरलो, तेव्हा मला दम लागला होता हे कोणाला सांगू नका." मी म्हटलं, "आय हॅव टोल्ड नोबडी." तुम्हाला आधीच सांगितलं होतं ते मोजलं नाही. आणि दमाचं मी लिहिलंच नव्हतं.

निकाल सोमवारी.

तुमची,
धाकटी

•

२९ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पहिली आले.

सकाळी कागद फलकावर लागला. धुणाऱ्या मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, पण माझं नाव कसं दिसतं ते त्यांना ठाऊक आहे. मी पोचायच्या आधीच त्या ओरडत जिना उतरल्या, "सगळ्यात वर! सगळ्यात वर आहे!" खाली सगळ्यांनी रिकामे ट्रे वाजवले. स्टीलचे ट्रे तळघरात वाजले की काय आवाज होतो ते तुम्हाला कळायचं नाही. वरच्या मजल्यावरून फोन आला, काही पडलं का? मी सांगितलं, "नथिंग हॅज फॉलन, सर. वी आर सेलिब्रेटिंग."

मी रडले नाही. निदान असं वाटतं. तोंडावर मास्क होता, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही.

मावशींनी विचारलं, "आता बाई म्हणायचं की मॅडम?"

मी विचारलं, "तो ट्रे पुसला का?"

म्हणाल्या, "पुसतेच आहे."

मी म्हटलं, "मग बाईच म्हणा. मॅडमला वर्तमानकाळ चालला नसता."

आता अधिकाराने एक सांगते. दुसऱ्या शनिवारी तुम्ही इथे यायचं आहे. इथल्या बायकांना फोनवरचं इंग्रजी शिकायचं आहे, आणि त्यांना मी नको, माझी शिक्षिका हवी आहे. तुम्ही ह्या घरात पाऊल टाकायचं टाळता, ते मला कळतं. मीही तो रस्ता टाळत होते. पण उंबऱ्यापर्यंत तुम्हाला एकटीला यायचं नाही. मी गाडी घेऊन घ्यायला येईन. आता तिसऱ्या गिअरपर्यंत मजल गेली आहे.

पत्र इथेच पुरं करते. आमच्या मशीनला दोन दारं असतात. मळलेल्या बाजूने हत्यारं आत जातात, आणि वाफ देऊन झाली की पलीकडच्या, स्वच्छ खोलीच्या दाराने बाहेर येतात. ते दुसरं दार विभागप्रमुखाच्या सहीशिवाय उघडायचं नाही, असा नियम आहे. इतके दिवस उघडायचे मी आणि सही मॅट्रनबाईंची असायची. आत्ताच दिवा हिरवा झाला. मावशी पेन घेऊन उभ्या आहेत. आज पहिली सही माझी आहे.

तुमची,
धाकटी
विभागप्रमुख